पिढ्याखालची कळी

सासूच्या बुडाखालचं पिढं उचलून न्यायचं, आणि तेही न विचारता, ही कुठली रीत? बू सारिन्तेन, म्हणजे सारिन्तेनबाई, सकाळपासून हेच विचारत होती. विचारत होती ती चुलीला, कढईला, तेलात पडलेल्या सोयाबीनच्या तेम्पेच्या तुकड्यांना. कारण जिला विचारायचं ती सून, वेनिंग, गेले दोन दिवस स्वयंपाकघरात टिकेल तर शपथ. भात टाकायची आणि पाठीमागच्या दारानं शेडकडे पसार व्हायची. आता तर जाताना पिढंही गेलं.

पिढं म्हणजे काही सिंहासन नव्हतं. जेमतेम वीतभर उंच, सागाच्या उरल्यासुरल्या तुकड्यातून नवऱ्यानं, कार्सोनोनं, लग्नाच्या वर्षी करून दिलेलं. पण त्यावर बसून बूनं नारळ खवले होते, मुलगा वाढवला होता, आणि नवरा गेल्यावर कारागिरांना हाका मारमारून कारखाना चालवला होता. सेनेनान गावात खुर्च्यांचे कारखाने गल्लोगल्ली. तरी 'कार्सोनोची खुर्ची' म्हटलं की सेमारांग बंदरावरचा हमालसुद्धा खोकं हलक्या हातानं खाली ठेवतो, असं ती सांगायची. हमालानं तिला तसं कधी सांगितलं नव्हतं, पण त्यानं काय बिघडतं.

आज ती तांदळाच्या पोत्यावर बसून मिरच्या वाटत होती आणि पोतं एका अंगाला कलत होतं. त्यामुळे राग दुप्पट.

घरात सगळ्यांचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं म्हणा. अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्या मालावर कर वाढवला आणि इकडे सेनेनानमध्ये करवतींना गंज चढायची वेळ आली. माल घेणारा तिकडचा साहेब वर्षानुवर्षांचा. मुलाच्या लग्नाला बाटिकचा सदरा घालून आला होता, मांडीवर ताट घेऊन जेवला होता. त्यानं कळवलं की तयार खुर्च्या तुमच्याकडेच राहू द्या, किंवा कराएवढी किंमत उतरवा, मग पाठवा. तेव्हापासून शेड भरली, ओसरी भरली, अंगणात ताडपत्रीखाली खुर्च्या रचल्या. कोंबड्या त्यांच्या हातांवर बसून अंगण न्याहाळायला लागल्या.

किंमत उतरवायची गोष्ट मुलानं, प्रसोजोनं, भीतभीत काढली होती. बूनं त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. कर लावला त्यांच्या सरकारनं, टेकून बसणार त्यांची माणसं, आणि भुर्दंड माझ्या कारागिरांना? मग साहेबाला सांग, खुर्चीत मीच येऊन बसते, असं म्हणून तिनं विषय संपवला.

मग सुराबायाहून एक दलाल आला. चकचकीत बूट, आणि ते न काढताच ओसरीवर चढला. त्याची युक्ती सोपी होती. माल आधी दुसऱ्या एका देशात न्यायचा, तिथे कागद बदलायचे, माल त्याच देशात बनला असं लिहायचं, आणि तिथून कमी करात अमेरिकेला. प्रसोजो मान हलवायला लागला होता. बूनं दलालाला कॉफी दिली. तिच्या घरी कप रिकामा होईपर्यंत कुणाचा अपमान होत नसे. त्यानं शेवटचा घोट घेतला तशी ती म्हणाली, "माझ्या घरचं लेकरू दुसऱ्या बापाचं नाव लावून परदेशी जाणार नाही. कप तिथंच ठेवा. बूट शोधावे लागणार नाहीत, तुमच्या पायातच आहेत."

गावभर हे बोलणं गाजलं. मासळीबाजारात बायकांनी तिला वाट करून दिली. पण गाजून खुर्च्या हलत नाहीत. रमजानच्या आत माल गेला नाही तर शेड बंद ठेवावी लागेल, हे प्रसोजोनं न सांगताही तिला दिसत होतं. आणि शेड एकदा बंद पडली की पोरं हायवेवरच्या वायरींच्या कारखान्यात जाणार. तिथे गेलेला हात छिन्नीकडे परत येत नाही. शेजारच्या तीन घरांत तिनं हे पाहिलं होतं. छिन्न्या पाटीत मांडून ठेवलेल्या आणि वर धूळ. हे ध्यानात आलं त्या दिवशी तिनं कुणालाही टोमणा मारला नाही. घरातली माणसं त्यानंच जास्त घाबरली.

'नाही' म्हणायला तिला कधी जड गेलं नाही. पण नाही म्हटल्यावर पुढे काय, ते या खेपेला सुचत नव्हतं.

आणि ही सून. सेमारांगच्या कॉलेजात शिकलेली, बोलते तर असं की शेजारच्या मांजरालाही ऐकू जाऊ नये. बूची तिच्याबद्दलची खरी तक्रार पिढ्याच्याही आधीची होती. पोरगी भांडत नाही. किती बोला, 'हो इबू' म्हणून जमिनीकडे बघते. असल्या सुनेशी घर कसं चालवायचं? आई म्हणून हाक मारते, पण आईवर तोंड टाकत नाही, तर मग आई कशाची.

मिरच्या वाटून होतात न होतात तोच शेडमधून करवतीचा आवाज आला. छिन्नीचा आवाज बूला झोपेतही ओळखू यायचा. पण शेडमध्ये सगळा माल तयार पडलेला असताना करवत कशाला? पोत्यावरून उठून, कमरेचं सारोंग सावरत ती तरातरा निघाली.

दारातच तिचा पाय अडला. लिक दार्सिम, म्हणजे दार्सिमकाका, कार्सोनोच्या बरोबरीनं काम केलेला म्हातारा कारागीर, एक खुर्ची उलटी करून तिचे पाय कापत होता. बाजूला तीन खुर्च्या कापून झालेल्या. भुशात सागाच्या पावलांचा ढीग पडला होता.

त्या ढिगातलं एक पाऊल तिनं उचललं. पुढच्या पायाच्या तळाशी मोगऱ्याची एक मिटलेली कळी कोरलेली असे. हीच कार्सोनोची खूण. पाठीवर, हातावर, लोकांच्या डोळ्यांत भरेल अशी खूण बाकीचे करायचे. कार्सोनो म्हणायचा, बसणाऱ्याला नाही दिसली तरी चालेल, जी केर काढायला वाकते तिला दिसली पाहिजे. आता ती कळी भुशात लोळत होती.

"दार्सिम," बू म्हणाली, "तुझा हात थरथरायला लागला तेव्हा मी तुला घरी बसवलं नाही. तो आज माझ्या नवऱ्याचे पाय कापायला वापरलास?"

दार्सिमनं करवत खाली ठेवली, लवंगेची सिगरेट कानामागून काढली, परत कानामागे लावली. शेडमधल्या छिन्न्या एकेक करत थांबल्या. चटईवर बसून पॉलिशपेपर घासणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या, पण कान नाही. कापलेल्या खुर्च्यांच्या मागून वेनिंग उठली. तिच्या हातात पिढं होतं.

तिनं जमिनीकडे बघतच सगळं सांगितलं. मोरिकावा नावाचे जपानी व्यापारी मागं आले होते. त्यांच्याकडे माणसं चटईवर बसतात, घरं ठेंगणी, म्हणून जमिनीलगतच्या खुर्च्या हव्या होत्या. इबूंनी त्यांना सांगितलं होतं की आम्ही खुर्च्या करतो, बाहुल्यांचा संसार नाही. ते वाकून नमस्कार करून गेले होते. वेनिंगनं त्यांना शोधून विचारलं. त्यांनी कळवलं, चार करून दाखवा, माझा माणूस सेमारांगला आहे, तो येऊन बघेल. पसंत पडल्या तर अंगणातल्या सगळ्या घेतो, आणि पुढं दर हंगामाला. भाव तुमचाच.

बूला तो माणूस आठवला. पुष्कळ वाकला होता, आणि तिला वाटलं होतं की बरी जिरली. ते आठवून तिनं नाक मुरडलं आणि तो विषय तसाच सोडून दिला.

"मला विचारायला काय झालं होतं?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, इबू."

शेडमध्ये कुणीतरी खोकलं. एवढं सरळ उत्तर या पोरीच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. बूनं हातातलं सागाचं पाऊल तिच्यासमोर धरलं.

"आणि हे? माल खपावा म्हणून घराचं नाव कापून टाकलंस?"

एक कापलेली खुर्ची उचलून वेनिंगनं सासूच्या पुढ्यात ठेवली आणि बसा म्हणाली.

आता यातली खोच अशी की ज्या घरात इतक्या खुर्च्या झाल्या, त्या घरात खुर्चीत कुणी बसतच नसे. बू तर नाहीच. उंच खुर्चीत तिचे पाय लोंबकळत. शिवाय बायका चटईवर शेंगा सोलत बसलेल्या असताना त्यांच्या डोक्यावर चढून बोलायचं कसं, बरं दिसतं का ते? समारंभ असो, मयत असो, सगळे खाली. खुर्च्या करायच्या त्या दूरच्या लांब टंगड्यांच्या लोकांसाठी, असंच चाललेलं. कुणाच्या मनातही दुसरं काही आलं नव्हतं. वेनिंग हळूच म्हणाली की आपण सगळे खालीच बसतो, तर खाली बसणाऱ्यांसाठी खुर्ची आपल्याइतकी कुणाला कळणार? उंची तिनं पिढ्यावरूनच घेतली होती. पिढं त्यासाठीच हवं होतं.

बू बसली. बसायचं म्हणून नाही, तर बसून नावं ठेवायची म्हणून. पण पाऊल जमिनीला सपाट टेकलं. चटईवरच्या बायकांचे चेहरे समोर आले, खाली नाही. पाठीला आधार मिळाला. पिढ्याला पाठ कुठली असायला. तिची कंबर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गप्प झाली. नाव कशाला ठेवावं म्हणून ती शोधत होती, आणि सवयीनं तिचा हात खुर्चीच्या हाताखाली गेला.

तिथं तिच्या बोटांना कळी लागली.

पिढ्याच्या कडेखालीही अशीच एक कळी होती. कार्सोनोनं ती तिच्यासाठी कोरली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. राग अनावर झाला की बू बसल्या जागी कडेखालून ती कळी अंगठ्यानं घासायची, आणि घासून घासून ती आता सुपारीसारखी गुळगुळीत झाली होती. तिला वाटायचं ही गोष्ट दोघांनाच ठाऊक, आणि त्यांतला एक कबरस्तानात. माप घ्यायला वेनिंगनं पिढं उलटं केलं तेव्हा ती सापडली.

दार्सिमला आता वाचा फुटली. म्हणाला, "कळी कुठं जाणार ते सांग, त्याशिवाय मी करवत उचलणार नाही, असं मी हिला म्हटलं होतं. तर हिनं माझ्यापुढं पिढं उलटं धरलं. बघताक्षणी ओळखलं मी, हात कुणाचा ते. मग मी काय बोलणार? त्यानंच आधी ठरवून ठेवलेलं."

बूचा अंगठा खुर्चीच्या हाताखाली फिरत होता. नवी कळी, अजून धारदार, बोटाला टोचत होती. ती कधी गुळगुळीत होणार, आणि कुणाच्या अंगठ्यानं, कुठल्या घरात. प्रसोजो दारात येऊन उभा राहिला होता, आत यावं की पळावं हे न ठरवता. वेनिंग सुनेनं बसावं तशी सासूच्या पुढ्यात भुशात, पाय दुमडून बसली होती आणि जमिनीकडे बघत होती. शेडभर माणसं हात थांबवून वाट बघत होती. त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक होतं की आज हिच्या तोंडून जे निघेल, त्यावर त्यांचं रमजानपुढचं सगळं ठरणार आहे.

बूनं हातातलं कापलेलं पाऊल सारोंगात खोचलं. शेडमधल्या माणसांकडे एकदा, अंगणातल्या कोंबड्यांकडे एकदा बघितलं. मग सुनेकडे.

"चोर आहेस तू," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "माझं पिढं चोरलंस. माझ्या नवऱ्यानं माझ्यापुरती ठेवलेली कळी चोरलीस. बोलत नाहीस म्हणून मी तुला मुकी समजले, तर तू आतल्या आत माझ्याहून हट्टी निघालीस. बाकीच्याही काप. पण एकही खुर्ची या कळीशिवाय गेली, किंवा भावात एक रुपिया खाली आलीस, तर तुझे पाय मी कापीन. पिढं मात्र संध्याकाळच्या आत चुलीपाशी पाहिजे. आणि तिथं भुशात काय बसलीस? ती दुसरी खुर्ची कोंबड्यांसाठी केलीय का? ऊठ. आण ती इकडं आणि माझ्या बरोबरीनं बस."