नवसाला गेलेला झ्यूस

हृदयाच्या ऑपरेशनमधून घरी परतलेला माणूस आधी देवाचे आभार मानतो, मग बायकोचे. पोलिव्हिओसने आधी कपाटाचा खण उघडला. खण रिकामा होता.

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातल्या एका मोहल्ल्यात जुन्या शर्यतींची पदकं जमवणारे दोघेच. एक पोलिव्हिओस, दुसरा सारांदिस, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. अथेन्समध्ये भरलेल्या पहिल्या ऑलिंपिकचं, पहिल्या नंबरचं पदक मात्र एकट्या पोलिव्हिओसकडे होतं. होतं चांदीचं, कारण तेव्हा पहिल्याला चांदीच देत. सारांदिसला हे पक्कं ठाऊक असूनही तो कॉफीच्या दुकानात मुद्दाम मोठ्याने म्हणे, "चांदी म्हणजे दुसरा नंबर! आणि असेल तर दाखव ना!" आजवर न दाखवलेलं ते पदक दाखवायला पोलिव्हिओसने त्याला येत्या रविवारी बोलावलं होतं. गावभर सांगून.

"एव्हान्थिया! पदक कुठंय?"

"ते होय?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "पानायियाला, आपल्या मेरीमाऊलीला वाहिलं."

पोलिव्हिओसने खण पूर्ण बाहेर ओढून उलटा केला.

"तू आत टेबलावर पडला होतास, छाती उघडी टाकून. मी म्हटलं, माऊली, हा परत आला तर ह्याची सगळ्यात लाडकी वस्तू तुझी. आलास की नाही परत? मग?"

"अगं, मेणबत्ती लावायची! माणसाच्या उंचीची! नाहीतर तुझी बांगडी द्यायची!"

"लाडकी वस्तू म्हटलं होतं मी. माझ्या बांगडीला कधी भिंग लावून बघितलंस?"

पोलिव्हिओसने टोपी चढवली आणि हळूहळू टेकडीवरचं देऊळ गाठलं. ईस्टर सोडला तर तो ह्या पायऱ्या कधी चढत नसे.

आत पानायियाच्या तसबिरीखाली नवसाच्या चांदीच्या पत्र्यांची रांग होती. ज्याचं जे बरं व्हायचं त्याचा आकार: डोळे, हात, पाय, दुपट्यातली बाळं. एका पायाच्या आणि एका बाळाच्या मधोमध त्याच्या पदकावरचा झ्यूस लटकत होता, दाढीसकट. शेजारची देस्पिना म्हातारी त्याचा मुका घेत होती.

"आय-निकोलास आहे रे, खलाशांचा संत," ती म्हणाली. "दाढी बघ किती मायाळू. माझा पोरगा बोटीवर आहे ना, रोज येते मी ह्याच्याकडे."

पोलिव्हिओसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हातारी गेल्यावर त्याने धर्मगुरूंना गाठलं.

"पापा-स्त्रातिस, फार मोठा घोटाळा झालाय. हा संत नाही. झ्यूस आहे."

"कोण झ्यूस?"

"असे किती झ्यूस आहेत? तोच, विजा फेकणारा. लोकांच्या बायकांमागे धावणारा! तुमच्या देवळात! काढा, मी गुपचूप घेऊन जातो." त्याचा तळहात आधीच पुढे झाला होता.

पापा-स्त्रातिसांनी छातीवर क्रूस काढला, चष्मा लावला आणि पदक निरखलं. "दाढी तर माझ्यासारखीच आहे," ते पुटपुटले. मग त्यांनी पदक उलटं फिरवलं. मागच्या बाजूला अक्रोपोलिस होता.

"झालं काम. आता हा तोंड भिंतीकडे करून उभा राहील. आमचे मास्तर करायचे तसं. जरा पश्चात्ताप होऊ दे."

"पण पापा..."

"तुला न्यायचं असेल तर ने बाबा. मी अडवत नाही. नवस तुझ्या बायकोने तिच्याशी केलाय, तेव्हा काय ते तिला सांग." तसबिरीकडे बोट दाखवून ते निघून गेले.

पोलिव्हिओसने वाकून हात पुढे केला. छातीवरचे टाके ओढले गेले. टाके वाकल्याने ओढले जातात, हे त्याला डॉक्टरने सांगितलं होतं; त्यात पानायियाचा कोप नव्हता. तरी त्याने हात मागे घेतला. मग त्याच्या ध्यानात आलं की ह्याच पायऱ्या एव्हान्थिया चढली होती, जिना उतरतानाही कठडा धरावा लागणारा तो गुडघा घेऊन. त्याला फार लाज वाटली, आणि तितकंच बरंही वाटलं.

रविवारी सारांदिस भिंग घेऊन आला. पोलिव्हिओस त्याला देवळात घेऊन गेला, एव्हान्थिया मागून लंगडत आली. स्वतःच्या लग्नानंतर सारांदिस देवळात फिरकला नव्हता. पदक इतकं खाली टांगलेलं होतं की त्याला पानायियापुढे गुडघे टेकावे लागले. त्याने भिंग लावून पदकाच्या दोन्ही बाजू तपासल्या.

"खरं आहे," तो शेवटी म्हणाला. "कुणी जिंकलं होतं रे हे?"

"तेव्हाचं सोड. ह्या वेळी शर्यत लागली होती प्राण नेणाऱ्या खारोसची आणि माझ्या बायकोची. तो मला न्यायला निघाला आणि ही टेकडी चढायला निघाली. खारोस दुसरा आला."

"म्हणजे चांदी पहिल्यालाच," सारांदिस भिंग खिशात घालत म्हणाला.

"गप्पा पुरेत," एव्हान्थिया म्हणाली. "माझ्या गुडघ्यासाठी कोण नवस करतंय?"

सोमवारी नवसाच्या दुकानात पोलिव्हिओसने चांदीचे सगळे पाय काचेवर मांडायला लावले आणि भिंगाखाली एकेक तपासला. दुकानदार वैतागला. "अहो, पाय सगळे सारखेच असतात!"

"हिचा नाही," पोलिव्हिओस म्हणाला, आणि पुढचा पाय उचलला.