गोठ्यातली तालीम

हिंदुराव वस्तादांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. बोटं थोडी हलायची, पण खांद्यातून हात उचलेल तर शपथ. सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, भामाबाईला, बाजूला घेऊन सांगितलं, "रोज हात वर उचलायचा, खाली सोडायचा. हयगय केलीत तर दिवाळीपर्यंत खांदा आखडेल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

अर्ध्या कुंडल गावाला ज्यानं जोर-बैठका शिकवल्या, त्याला म्हणे व्यायाम द्या! पण वस्ताद गावच्या तालमीकडं फिरकायला तयार नव्हते. "ज्या पोरांस्नी मातीत लोळवलं, त्यास्नी ह्यो लोंबता हात दाखवू व्हय?" असं म्हणून ते भिंतीकडं तोंड करून पडायचे. घरातच हात हलवा म्हटलं, तर म्हणायचे, "वाकळंवर पडून कुनी मेहनत करतं का गं?"

हट्टाच्या बाबतीत भामाबाई नवऱ्यापेक्षा काकणभर सरस होती. तालमीत जात नाही ना? मग तालीमच घरी आणते, असं तिनं ठरवलं. म्हैस अंगणात बांधली, गोठा झाडून सारवून घेतला. गावात पिठाची गिरणी आल्यापासून जातं कोपऱ्यात पडून होतं, त्याचा वरचा दगड वजनाला आला. मुसळ खांद्यावरून फिरवायच्या मुदगलाच्या जागी उभं राहिलं. ओढ्याकाठची तांबडी माती तिनं चाळून आणली आणि ताक, तेल, हळद, लिंबं घालून पापडाच्या पिठासारखी मळली. एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण नवऱ्याला अगदी आपलं वाटावं म्हणून तिनं देवघरातली मारुतीची तसबीर नेऊन गोठ्यात लावली, आणि तिथंच बाई फसली.

वस्ताद गोठ्याच्या दारात आले. मातीचा वास नाकात गेला आणि त्या दांडग्या माणसाचे डोळे भरून आले. त्यांनी डाव्या हातानं माती कपाळाला लावली, मारुतीला नमस्कार केला. हात धरायला म्हणून भामाबाई मागोमाग आत पाऊल टाकणार, तोच ते ओरडले, "थांब! तालमीत बाईचं पाऊल चालत न्हाई."

"आवं, गोठा हाय त्यो!"

"कालपतूर व्हता. आता माती हाय, मारुती हाय. तूच केलीस न्हवं तालीम?"

हात उचलायचा तो तिनंच, असा सगळा बेत होता. एकट्याला तो उचलत नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला वस्ताद हात लावू देणार नव्हते. तिनं स्वतःलाच चार शिव्या हासडल्या आणि चुलीपुढं बसून रडून घेतलं.

रडता रडता तिला माळ्यावरचं मोटेचं चाक दिसलं. विहिरीवर इंजिन बसल्यापासून ते तिथं धूळ खात होतं. शेजारच्या गुंडा नावाच्या पोराकडून तिनं ते गोठ्याच्या तुळईला टांगून घेतलं, त्यावरून मोटेची दोरी, म्हणजे सोल, टाकून दोन्ही टोकं दारापर्यंत आणली. एक टोक तिनं उंबऱ्याशीच जुन्या लुगड्याच्या घडीवरून वस्तादांच्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतः धरून ती बाहेर बसली. आता कुठं पाऊल आत होतं?

"वढ," वस्ताद आतून म्हणायचे. तिनं ओढलं की हात वर. "सोड," म्हणाले की खाली.

"हात हाय माझा, पान्यानं भरल्याली मोट न्हवं! दमानं वढ की."

"मग गप हुबं ऱ्हावा. मोटंचा बैल बी एवढं बोलत न्हाई."

बसायची ती चौकटीच्या आडोशाला. हात लोंबताना बायको बघते हे वस्तादांना सोसत नव्हतं, आणि तिला ते न सांगता कळलं होतं. पण हाताचं ओझं तिला सोलीतून समजायचं. श्रावण गेला, गणपती गेले, दसरा झाला, ओझं काही हलकं होईना. दिवाळी तोंडावर आली तशी तिला भाकरी गोड लागेना.

एका सकाळी ते म्हणाले, "वढ." तिनं ओढलं, तर सोल सळसळत नुसतीच हातात आली. ओझंच नाही! गाठ सुटली की माणूस पडला? भामाबाई हातातलं टाकून धावली ती थेट मातीत.

वस्ताद उभे होते. सोल मनगटावरून ढिली लोंबत होती आणि हात खांद्याइतका वर होता. थरथरत होता, पण वर होता, आपल्या बळावर. मग आपले पाय कुठं आहेत ते तिला दिसलं. जीभ चावून ती मागं वळली.

"थांब," वस्ताद म्हणाले. हात खाली घेऊन, खाली वाकून त्यांनी त्याच उजव्या हाताच्या बोटांत माती धरली. निम्मी सांडली. उरलेली त्यांनी हळूहळू हात उचलत तिच्या कुंकवाखाली लावली. "उद्यापास्नं भाईर बसायचं न्हाई. वस्तादानं उंबऱ्याभाईर बसून कसं चालंल?"

भामाबाईनं पदरानं डोळे पुसले, नाक ओढलं आणि कमरेवर हात ठेवले.

"मग हात खाली का घेतला? करा वर."

हिंदुराव वस्तादांनी मुकाट्यानं हात वर केला.