निळ्या पाण्यातला थेंब

शिंपी बायकोचं प्रेत घेऊन दवाखान्यातून घरी निघाला, तेव्हाही निळ्या बाबाच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग होती. बाबा बोट टोचायचा आणि रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडायचा. थेंब तरंगला की महागडा अंगारा. बुडाला की म्हणायचा, "काळजाचा पाया पक्का आहे. गोळ्यांचं विष बंद कर." लोक तोंडात बोटं घालायचे.

शिंपिणीचा थेंब दगडासारखा बुडाला होता.

हार्ट अटॅकनंतर डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी एक जात फार वाढलीय, दुसरी घटलीय. म्हणजे धोका टळलेला नाही. गोळी चुकवू नका, रक्त पुन्हा तपासून घ्या. पण आपल्या आईबरोबर बाबाकडून आल्यावर शिंपीण नवऱ्याला हसत म्हणाली, "अहो, माझा पाया पक्का आहे म्हणे. त्या गोळ्या आता तुम्हीच खा." मग दुसरा झटका आला.

तिच्या राहिलेल्या चपला आणायला शिंपी दवाखान्यात गेला. रक्तदानाच्या खोलीत तेच निळं पाणी दिसलं आणि तो दारातच थबकला. त्यानं बाबाच्या थेंबाचं सगळं सांगितलं.

"मोरचूद आहे तो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त पुरेसं दाट आहे का, एवढंच त्यात कळतं. काळजाचं काही नाही कळत, दादा."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः रांगेत उभ्या राहिल्या. बाबा म्हणाला, जिथं तुमचं शास्त्र थकतं, तिथून आमची वाट सुरू होते. बाईंनी आपलं बोट टोचलं. एक थेंब समोरच्या ग्लासात टाकला, मग पडदा सारला आणि दुसरा मागं लपवलेल्या निळ्या पाण्याच्या बरणीत. पहिला बुडाला, दुसरा तरंगला.

"एकाच बोटाचं रक्त. आता मी जगू की मरू, बाबा?"

बरणीत मोरचूद जास्त होता, पाणी रक्ताहून जड. ज्याला घाबरवायचं, त्याच्यासाठी ती.

बाई रांगेकडे वळल्या. "आमच्या तपासणीतही मरणाची तारीख निघत नाही. धोका कळतो, म्हणून जपता येतं. मी सांगितलेलंही पडताळून बघा. फक्त एका ग्लासावर जीव टांगू नका."

रांग पांगली. बाबा त्याच दिवशी गाशा गुंडाळून पसार झाला.

लेक गेल्यापासून शिंप्याच्या सासूबाई उंबऱ्याबाहेर पडलेल्या नाहीत. म्हणतात, बाबा खरा होता, नशीबच खोटं निघालं. लेकीबरोबर बाबाकडे गेल्या, त्या दिवशी त्यांचाही थेंब बुडाला होता. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचा डबा तेव्हापासून बंद आहे. शिंपी रोज तो डबा आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवतो. त्या पाणी पितात, डबा सरकवतात. बाबाच्या ग्लासाचं खरं सांगायचं, तर लेकीला तिथं कुणी नेलं, हेही बोलावं लागेल.

त्यानं अजून सांगितलेलं नाही.