पिवळी सही

"हा पॅड कुणी बसवला? आंधळ्यानं?"

डेल्मरने पिकअपच्या पुढच्या चाकातला आतला ब्रेक पॅड उपसून जावयाच्या, क्लिंटच्या, नाकासमोर धरला. कित्येक दिवस ब्रेक दाबला की गाडी का खरखरत होती ते आता उघड झालं होतं. पॅड चक्क उलटा बसवलेला होता. पोलादी पाठ डिस्ककडे होती आणि लोखंडाने लोखंड घासून डिस्कवर नांगर फिरवल्यासारखे चर पडले होते. डेल्मरला शिसारी आली. तो अंगणातल्या खडीवर थुंकला.

"मी हात लावलेला नाही," क्लिंट म्हणाला.

"मग त्या टायरवाल्या पोरांनी लावला असेल. माझी मार्ला धाकट्या नातीला घेऊन कोळशाच्या ट्रकांमागून डोंगर उतरते या गाडीतून. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. बायको आहे ती माझी."

"तर मग गाडी कुणाच्याही हाती देत जाऊ नकोस."

क्लिंटने खिशातून किल्ली काढली. "पॅड आणतो, डिस्कही. दोन्ही चाकांच्या ना?"

"दोन्ही. जोडीनंच बदलतात, हेही मीच सांगायचं?"

क्लिंट मार्लाच्या छोट्या गाडीतून गेला. डेल्मर पुटपुटत पॅड दाबून धरणारा कॅलिपर तारेने बांधून टांगायला लागला. काउंटीच्या शाळांच्या बसगाड्या त्याने एकतीस वर्षं दुरुस्त केल्या होत्या. तिथे त्याचा एक नियम होता. ज्याने ब्रेकचं काम केलं त्याने कॅलिपरच्या पाठीवर पिवळ्या रंगाच्या पेनाने आपल्या नावाची आद्याक्षरं आणि तारीख घालायची. चुकीला बाप असला पाहिजे, असं तो म्हणे. रॉस्को नावाच्या जुन्या माणसाने एकदा बोल्ट सैल ठेवला, तेव्हा डेल्मरने त्याला सगळ्यांदेखत घरी धाडलं होतं. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी ते पेन सदऱ्याच्या खिशातून हललं नव्हतं.

त्याने कॅलिपरवर ब्रेक साफ करायचा फवारा मारून पाठीवरचा चिखल पुसला. खाली पिवळ्या रंगात त्याचीच अक्षरं निघाली. डी. टी., चौदा ऑक्टोबर.

तो बघतच राहिला. ऑक्टोबर, हेच अंगण. बायको बीन्स आणि मक्याचा पाव गार होतोय म्हणून दोनदा हाका मारत होती, आणि चष्मा आणायला आत जायचा त्याने कंटाळा केला होता. बीन्स लख्ख आठवले. पॅड काही केल्या आठवेना.

फवाऱ्याचा डबा हातातच होता. आणखी एक दाब दिला असता तर रंग धुऊन गेला असता आणि टायरवाली पोरं कायमची दोषी ठरली असती. त्याने डबा जमिनीवर ठेवला. मघाची शिसारी तशीच होती, फक्त आता ती दुसऱ्या कुणावर काढता येणार नव्हती.

क्लिंट खोकी घेऊन आला.

"इकडे ये. हे वाच."

क्लिंट वाकलासुद्धा नाही. "ठाऊक आहे. तेव्हा टॉर्च मीच धरली होती."

"धरली होतीस, मग बघितलं नाहीस?"

"तुम्ही बसवताय म्हटल्यावर मी कशाला बघतोय?"

"आणि मघाशी? एवढं बोललो तुला."

क्लिंटने खोकं फाडलं. "बोलू दिलं," तो म्हणाला.

डेल्मर पालथ्या बादलीवर बसला. चष्मा लावला. "तू बसव."

क्लिंटने डिस्क चढवल्या. पॅड हातात घेऊन त्याने विचारलं, "ही बाजू आत?" उत्तर त्याला माहीत होतं, हे दोघांनाही कळत होतं.

"हीच," डेल्मर म्हणाला. प्रत्येक बोल्ट आवळला जाताना तो नुसता बघत राहिला.

शेवटी त्याने खिशातून पेन काढून दिलं. "ज्यानं काम केलं, त्याची सही."

क्लिंटने मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत सही केली आणि पेन परत दिलं. डेल्मरने सवयीने ते खिशात घातलं. मग पुन्हा बाहेर काढलं, क्लिंटच्या पिकअपचं दार उघडलं आणि समोरच्या खणात धाकटीच्या रंगखडूंमध्ये ते ठेवून दिलं.