अर्धा रेडा

लाकडाच्या ठेकेदारानं लटारूभाऊंना डेपोचा मॅनेजर केलं, पगार वाढवला, आणि पगाराच्या मागोमाग आयकर आला. लटारूभाऊंचं घर आणि डेपो यांच्या मध्ये नाला होता. पावसाळ्यात तो ओलांडायला त्यांच्याकडे एकच साधन, चैत्रात जन्मला म्हणून चैतू नाव ठेवलेला रेडा. नोकरीसाठी ठेवलेल्या वाहनाचा खर्च कर लावताना पगारातून वजा होतो, असं कानावर येताच त्यांनी आयकराच्या कागदावर लिहून टाकलं : वाहन, एक रेडा. खर्च, सरकीची ढेप आणि धानाचं तणस.

बायको गोकुळा स्पष्ट बोलली होती. "टॅक्स अन् रेडा, दोघांले चारा घालनं माह्यानं होत नाई. टॅक्सचा सायेब खर्चाले नाई म्हणला, तं चैतूले नागभीडच्या बजारात इकून या."

चैतूला लटारूभाऊंनी हातानं दूध पाजून वाढवलेला.

आयकराचे साहेब दौऱ्यावर आले, ते नाला भरलेला असताना. डेपोत कागद पाहून झाले. जेवण लटारूभाऊंच्या घरी, नाल्यातल्या झिंग्यांचा रस्सा. दोघं चैतूला घेऊन निघाले.

"रेडा हे जनावर आहे, वाहन नव्हे," साहेब वाटेत म्हणाले.

"मालकाची जीप नागपुरात वराती फिरवून राह्यली. तिचं पेट्रोल वजा होते ना?"

"त्यांचा धंदा आहे. तुमची नोकरी."

"म्हणजे तो वरातीत गेला तं खर्च, अन् मी कामाले गेलो तं शौक?"

साहेब रेड्यावर चढले. भूक लागली होती. लटारूभाऊ शेपूट धरून मागून पाण्यात उतरले.

नाल्याच्या मधोमध चैतूची डुंबायची जागा होती. ऊन डोक्यावर आलं की तो तिथं बसायचाच. आजही बसला. साहेब कमरेपर्यंत पाण्यात, बॅग डोक्यावर.

"अहो, उठवा याला!"

"कसा उठवू सायेब? वाहन असतं तं हाकललं असतं. जनावर आपल्या मर्जीनं उठते."

"मी सरकारी अधिकारी आहे!"

"मले ठाऊक हाय. त्याले सांगा."

चैतूनं अंग आणखी सैल सोडलं. पाणी साहेबांच्या छातीला लागलं.

"वाहन आहे!" साहेब ओरडले. "वाहनच आहे!"

लटारूभाऊंनी शेपटीला पीळ दिला. चैतू उठला.

लटारूभाऊंचं धोतर नेसून साहेब जेवायला बसले. शब्द त्यांनी फिरवला नाही, पण अधिकारी तो अधिकारीच. रश्श्याचा भुरका मारून त्यांनी सहज विचारलं, "बाई, रेडा शेतीच्याही कामाला येतो का?"

लटारूभाऊंनी डोळ्यांनी खुणावलं. पण चैतूची तारीफ करायची संधी गोकुळा सोडते होय?

"येते म्हणजे? धानाच्या बांधीतला चिखल त्याच्यासारखा साऱ्या गावात कोणी करत नाई!"

"मग अर्धा घरचा, अर्धा नोकरीचा. अर्धा रेडा मंजूर."

"कोनता अर्धा?" लटारूभाऊ कळवळले. "खाते तं समोरचाच! अन् मालकाची जीप वरातीत जाते, तवा ते काऊन अर्धी होत नाई?"

साहेबांनी भात मागितला.

लटारूभाऊंनी भीत भीत बायकोकडे पाहिलं. अर्ध्यावर ती मानते की नाही?

गोकुळानं भात वाढला आणि ढेपेची टोपली उचलली.

"अर्धा तं सरकारचा झाला. सरकारचा माल बजारात कसा इकता?" दारात थांबून ती म्हणाली, "अन् सायेबाले इचारून घ्या, परत जातानी पोहत जाता, का वाहनानं?"