तीन चारचा कोट

"तारीख म्हणजे तारीख. आधी नाही, नंतर नाही."

शिलाई मशीनच्या खडखडाटावरून येणारा बापाचा हा आवाज ऐकतच ती लहानाची मोठी झाली. बाप शिंपी. एकदा एक नवरदेव एक दिवस आधीच सूट न्यायला आला. सूट समोर खुंटीवर, कडक इस्त्री होऊन लटकलेला. बाप सुईत दोरा ओवत म्हणाला, "तो अजून शिवून व्हायचाय." नवरदेव सुटाकडे बघे, सूट नवरदेवाकडे. शेवटी नवरदेवच ओशाळून परत गेला.

आज इतक्या वर्षांनी ती बॅग घेऊन दुकानाच्या उंबऱ्यात उभी होती, आणि बाप चष्म्यावरून तिच्याकडे तसाच बघत होता.

"तू अजून यायचीयेस," तो म्हणाला.

"बाबा, मी आलेय!"

"तीन चारला येणार होतीस. तीन एप्रिल. आज चार मार्च."

तिने जीभ चावली. ती राहायची त्या देशात महिना पुढे चालतो आणि दिवस त्याच्या मागून येतो. निरोप धाडताना बोटांनी तिकडच्याच सवयीने लिहिलं होतं: ०३/०४ ला येते, ०३/१० ला निघते. तिने हे सगळं समजावून सांगितलं. बापाने शांतपणे ऐकून घेतलं.

"असेल. मी तीन एप्रिल धरलीय."

"मग तोवर मी कुठे जाऊ?"

"कुठे म्हणजे? तिकडेच आहेस ना तू."

आतून आत्या हात पुसत आली. "दादा, पोर उंबऱ्यात उभीय."

"पोर तिकडे आहे."

"मग ही कोण?"

"लवकर आलेलं गिऱ्हाईक."

आत्याने कपाळाला हात लावला. "ये गं न आलेल्या बाई, चहा टाकते."

तिची खोली अर्धी रंगवलेली, अर्धी तशीच. पलंग भिंतीला उभा टेकवलेला, मधोमध नवं कपाट, त्याला अजून दारं नाहीत. तेव्हा ती दुकानातल्या कापायच्या टेबलावर चिंध्यांची उशी करून झोपू लागली. बाप जेवताना आत्याशी बोले, "दोरा आली की तिला खिडकीत मेज लागेल." दोरा म्हणजे तीच, लहानपणी इतकी बारीक होती की बापाने हेच नाव ठेवलं. दोरा समोरच बसून त्याच्या ताटात भाजी वाढत होती.

दुकानातल्या पुतळ्यावर एक कोट होता, एकाच बाहीचा.

"कोणाचा?" तिने विचारलं.

"आहे एक मुलगी. यायचीय. जुन्या मापावरून अंदाजाने शिवतोय."

"घ्या की माप. उभी आहे ना मी."

"मापाला ती यायला नको?"

पण ती वळली की बाप हळूच तिचे खांदे न्याहाळी आणि कोटावरची खडूची रेघ बोटभर सरकवी. ते तिला आरशात दिसे. आणि आत आत्या भांडी घासता घासता गुणगुणे:

सुई गेली पुढे बाई, दोरा राहिला गं मागे
गाठ मारायची कोणी, कोण कोणाला गं सांगे

एकच गोष्ट विचारायला ती एवढ्या लांबून आली होती. घर सोडलं तेव्हा कडाक्याचं भांडण झालं होतं. बाप कोणाच्या तरी सदऱ्याला टाचण्या लावत होता, त्याने मान वर न करता तोंडातल्या टाचण्यांमधून एकच शब्द टाकला होता: "जा." तो मनापासून होता का? पण ज्याच्या लेखी आपण आलोच नाही, त्याला विचारायचं कसं?

"उद्या निघतेय मी," शेवटी ती म्हणाली.

मशीनवरचा बापाचा पाय थबकला. "उद्या कशी? तीन दहाला. तीन ऑक्टोबर."

मग तिला कळलं. कपाट, रंग, खिडकीतलं मेज. बापाने सहा महिने धरले होते.

"बाबा... दहा मार्च."

आतलं गुणगुणणं बंद पडलं.

"सहाच दिवस?" बापाचा आवाज चढला. "मग आलीस कशाला?"

"मी आलेच कुठे अजून?"

बाप पाठ वळवून मशीनवर कापड सरकवत राहिला. कापड सरकत होतं, मशीन बंदच होतं.

सकाळी ती बॅग उचलायला गेली, तर बाप पुतळ्यावरून कोट उतरवत होता. त्याने तो तिच्या अंगावर चढवला. एक बाही पक्की, दुसरी कच्च्या टाक्यांवर कशीबशी लोंबणारी. खांदे मात्र अगदी बरोबर बसले.

"तारीख व्हायचीय ना अजून?" ती म्हणाली.

"चुलीत गेली तारीख," टाचण्यांमधून तो पुटपुटला. बाही थोडी वर सरकवून त्याने एक टाचणी लावली. मग हात थांबला. उरलेल्या टाचण्या त्याने एकेक करून तोंडातून काढल्या, तळहातावर ठेवल्या.

"त्या दिवशी तोंड भरलेलं होतं," तो म्हणाला. "एवढासाच शब्द बाहेर पडला. पुढचा आतच राहिला."

"कुठला, बाबा?"

त्याने रिकाम्या तोंडावरून हात फिरवला.

"जाऊ नकोस, दोरा."