बाबांची तिसरी बियर

बाबांनी रविवारी बियर लावली आणि बुधवारी सकाळी ते गेले. ‘लावली’ हा त्यांचाच शब्द. विरजण लावतात तशी.

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते गुडगावला राहायला आले आणि वरच्या मजल्यावरच्या जयदीपकडून हे शिकू लागले. जयदीप पुण्याचा, मानेसरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. पहिली बियर आंबट झाली. दुसरीच्या बाटल्या अशा फसफसल्या की आईला छत पुसावं लागलं. तिसरीच्या वेळी बाबांनी मला मुंबईला फोन केला होता. “ही जमणार बघ, रुचिरा. या वेळी सगळं मोजून केलंय.”

मी आले तेव्हा त्यांच्या खोलीत ती वीस लिटरची पांढरी बादली होती. झाकणात वाकडी नळी, नळीत थोडं पाणी. आतलं यीस्ट साखर खात असलं की त्या पाण्यातून बुडबुडे येतात, हे मी फोनवर व्हिडिओ बघून शिकले. पहिल्या दिवशी ते येत होते. मग माणसं भेटायला येऊ लागली, दार दिवसभर उघडं राहिलं, जानेवारीची थंडी घरभर पसरली. शनिवारी बुडबुडे थांबले.

बाकी सगळ्याची व्यवस्था लागत होती. चुलतभाऊ नचिकेत दाखले आणत होता, गुरुजी यादी देत होते. माझ्या वाट्याला ही बादली होती. बाबांनी सुरू केलेली ही एकच गोष्ट पुरी व्हायची राहिली होती, आणि ती मला पुरी करायची होती.

सोमवारी मी जयदीपला फोन केला. मागे यंत्रांचा आवाज येत होता.

“ताई, यीस्ट गारठलंय फक्त. मेलं नाहीये. खोली वीस डिग्रीच्या आसपास ठेवा, हळूहळू. मी परवा येतो. तोवर काही करू नका, प्लीज.”

आईने विचारलं, “वीस म्हणजे किती? दह्याला लागतं तेवढं?”

“तेवढंच असेल,” मी म्हणाले.

दह्याचं आईला ठाऊक होतं. दिल्लीत पस्तीस हिवाळे तिने दही लावलं होतं: पातेलं रजईत गुंडाळायचं, फार थंडी असली तर हीटरजवळ ठेवायचं, आणि मधे उघडून बघायचं नाही. मंगळवारी पहाटे आम्हाला अस्थी घेऊन गंगेवर, गढमुक्तेश्वरला निघायचं होतं. नचिकेत खाली गाडी काढत होता तेव्हा आम्ही दोघींनी बादलीला रजई गुंडाळली. मी ऑइल हीटर ओढून अगदी तिला टेकवला आणि तीनवर केला.

“जास्त नाही ना होणार?”

“बाहेर सहा डिग्री आहे, आई.”

धुक्यामुळे यायला-जायला वेळ लागला. घाटावरच्या पंडितजींनी नचिकेतला पुढे बोलावलं. आई म्हणाली, “बेटी करेगी.” त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मंत्र सुरू केले. पाणी इतकं गार होतं की हात बधिर झाले. माझ्या ओंजळीतून काय गेलं आणि कधी गेलं, मला कळलंच नाही.

संध्याकाळी सातला घरी आलो. आई चप्पल काढून सरळ बाबांच्या खोलीत गेली.

“रुचिरा! अगं, उठलं बघ!”

नळीतून भराभर बुडबुडे येत होते. आई पलंगावर बसून ते बघत राहिली. मी रजईखाली हात घातला. बादली तापलेल्या अंगासारखी होती, त्याहूनही गरम. मी हळूच हीटर बंद केला.

सकाळी पाणी स्थिर होतं. दुपारपर्यंत स्थिरच राहिलं.

जयदीप कामावरून थेट आला. आई चहा टाकायला गेली. त्याने झाकण उघडलं आणि लगेच मान मागे घेतली. मलाही वास आला, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा. त्याने काचेचा मापक आत सोडला.

“निम्मी साखर तशीच आहे. हीटर किती वेळ होता?”

“पहाटेपासून संध्याकाळी सातपर्यंत.”

तो मापक पुसत राहिला.

“पण काल बुडबुडे येत होते,” मी म्हणाले.

“विरघळलेला गॅस असतो, ताई. तापलं की बाहेर पडतो.” मग हळूच म्हणाला, “माझ्याकडे यीस्टचं नवं पाकीट आहे. घालून बघता येईल. पण हा वास नाही जायचा.”

“नुसतंच ठेवलं असतं तर?”

“काय सांगणार,” तो म्हणाला. त्याला सांगता आलं असतं.

आई ट्रे घेऊन आली. उघडं झाकण बघून दारातच थांबली.

“गेली का? आपण उबेत ठेवलं म्हणून का गं?”

जयदीपने माझ्याकडे बघितलं.

“नाही गं,” मी म्हणाले. “यीस्टच जुनं निघालं. तारीख उलटून गेली होती.”

आईने ट्रे टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ती रडेल.

“म्हणजे ह्यांनी बघितलीच नाही,” ती म्हणाली. “कधी बघतात? बीपीच्या गोळ्यांचं तेच. चष्मा खिशात ठेवायचा आणि दुकानदार देईल ते उचलून आणायचं. किती वेळा सांगितलं, जयदीप, अरे किती वेळा! आणि मला काय म्हणाले? या वेळी सगळं मोजून केलंय. मोजलं म्हणे!”

“काकू, चहा घ्या,” जयदीप म्हणाला.

“घेते रे.” ती कप भरत होती, थोडा चहा बशीत सांडला. “इतका शिकलेला माणूस, पण एक गोष्ट धड करतील तर शपथ.”

बाबांनी तारीख बघितली असणार. एकदा नाही, दोनदा. आई चढ्या आवाजात बोलत होती. ती त्यांच्यावर चिडायची तेव्हा अशीच बोलायची, आणि तो आवाज या घरात गेल्या बुधवारनंतर ऐकू आला नव्हता.

“खरं की नाही, रुचिरा?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हणाले.